औशाचे गुरुवार

माझ्या सासऱ्यांइतका मोठ्या आवाजाचा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तोही कुठल्यातरी बसस्टँडवर माइकसमोरच बसलेला असणार, हे मी छातीठोकपणे सांगते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी लातूरच्या स्टँडवर गाड्या पुकारण्यात घालवली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली सुटायच्या बेतात आहे, कुणाची म्हातारी चुकून निलंग्याच्या गाडीत बसली आहे, हे सगळं त्यांच्या घशातून गावाला कळायचं. पुढं नोकरी संपली, माइक सुटला, डोळेही गेले. पण ती बोलण्याची तऱ्हा काही गेली नाही. घरात ते साधं बोलतच नाहीत, पुकारतात. “जेवणाची वेळ झालेली आहे. भाजीत मीठ कमी असल्याची संबंधितांनी नोंद घ्यावी,” हे मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकलं आणि उलथनं हातात घेऊनच बाहेर धावले होते. मला वाटलं, घरात कुणी परकं माणूस आलंय.

तशी त्यांच्या आवाजाची चुणूक मला त्याआधीच मिळालेली होती. माझं माहेर देगलूरचं. ही मंडळी मला बघायला आली, पोहे झाले, आणि माझे वडील हात धुवायला मागच्या दारी गेले. रीत अशी की घरी जाऊन कळवतो म्हणायचं, आठ-पंधरा दिवस लावायचे, मग निरोप धाडायचा. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बशी खाली ठेवली आणि तिथंच, बसल्या जागी, पुकारलं, “मुलगी पसंत आहे!” आमच्या शेजारणीला तेलुगूशिवाय धड काही समजत नसे, पण तिलाही हे समजलं. ती वाटीभर साखर घेऊन मागच्या दाराने आली आणि आपली मुलगी पसंत पडल्याची बातमी माझ्या वडिलांना तिच्याकडून कळली.

मामांना काचबिंदू झाला. मोठा गुपचूप आजार. कडेकडेचं दिसणं मिटत येतं आणि समोरचं तेवढं दिसतंय म्हणून माणूस समाधानात राहतो. गावभराच्या गाड्यांची खबर देणाऱ्या मामांनी स्वतःच्या डोळ्यांची खबर मात्र कुणाला लागू दिली नाही. एके दिवशी सकाळी माझे वडील देगलूरहून आले, पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी. मामा दारातच होते. त्यांनी वडिलांकडे बघून सांगितलं, “आज दूध अर्धाच लिटर द्या.” वडील हसले, त्यांना वाटलं व्याही चेष्टा करायलेत. मी मात्र आतून पाहत होते. मामांच्या तोंडावर चेष्टा नव्हती. त्याच दुपारी हे त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. पण गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली फार दिवस टिकली नाही.

त्यानंतरच्या आठ महिन्यांविषयी आमच्या घरात कुणी कधी बोलत नाही. मामा बाहेरच्या खोलीत कॉटवर, भिंतीकडे तोंड करून बसायचे. पाणी पाहिजे असलं तर मागायचे नाहीत, नुसतं खोकायचे. मी लातुरात शिकायला आलेल्या मुलामुलींची मेस चालवते, त्यामुळे घरात सदा माणसांची ये-जा. डबा न्यायला आलेली मुलंसुद्धा त्या खोलीपुढून चपला हातात घेऊन जायची. कुणीतरी सुचवलं म्हणून ह्यांनी एका संस्थेत फोन केला. नजर गेलेल्या माणसांना घरी येऊन शिकवणारी संस्था. आणि एका सोमवारी नांदेडहून एक बाई आल्या. एकट्या, बसने. जन्मापासून न दिसणाऱ्या. मी त्यांचा दंड धरून आत आणायला गेले, तर त्यांनी माझा हात अलगद सोडवला आणि स्वतःचा हात माझ्या कोपरावर ठेवला. “तुम्ही पुढं चला,” म्हणाल्या, “ओढत नेऊ नका, मी काही शेळी नाही.”

मामांशी त्यांचं पहिलं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

“संडासला कसे जाता?”

“सून दारापर्यंत नेती.”

“किती पावलं आहे?”

मामा नुसते खोकले.

“आठ महिने झाले अन् पावलं माहीत नाहीत? मग बसून केलं काय?”

मला रागच आला. दुखऱ्या माणसाशी असं बोलतात का? पण मामांच्या चेहऱ्यावर, कुणी ड्रायव्हर वेळेवरून हुज्जत घालायला लागला की जी चमक यायची, ती इतक्या महिन्यांनी आली. “चौदा असतील,” ते म्हणाले. “असतील म्हणजे?” बाई म्हणाल्या, “उठा, मोजा.” मामा उठले. भिंतीला हात लावत, पुटपुटत गेले आणि तिकडून त्यांचा आवाज आला, तोच, स्टँडवरचा: “संडास सोळा पावलांवर आहे! सर्वांनी नोंद घ्यावी!” स्वयंपाकघरात माझ्या हातून वरणाचं पातेलं सुटलं. मी ते तसंच राहू दिलं आणि पदराने डोळे पुसले.

त्यानंतर मामा जे उठले ते आम्हाला सगळ्यांना पुरून उरले. पांढरी काठी शिकले, बोलणारा मोबाइल शिकले, चहा करायला शिकले. ताटाचं घड्याळ ही त्यांची सगळ्यात लाडकी विद्या. ताट म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची. बारावर भात, तीनवर भाजी, सहावर पोळी, म्हणजे न बघता हात बरोबर जातो. घरात आम्हाला सवय झाली. पण औराद्याच्या एका लग्नात मामा पंगतीला बसले आणि वाढप्याला म्हणाले, “बाबा, वरण तीनला वाढ.” तो बिचारा हातातली बादली सावरत म्हणाला, “काका, तीनला तर पंगती उठलेल्या असतेत. आताच घ्या की.” मामांनी तिथं त्याला घड्याळ समजावलं, त्याच्या मागच्या दोघांना समजावलं, शेजारी बसलेल्या वकिलांना डोळे मिटून जेवायला लावलं. वरपक्षाची अख्खी पंगत डोळे मिटून जेवतेय हे बघून नवऱ्या मुलीची आजी घाबरून विचारायला लागली, कुणाला काय झालं म्हणून.

बोलणाऱ्या मोबाइलने तर माझी अब्रूच घालवली. त्या फोनवर आलेला प्रत्येक निरोप एक बाई सपाट आवाजात वाचून दाखवते. एकदा मी वैतागून ह्यांना लिहिलं, ‘मामांनी आज सकाळपासून डोकं खाल्लंय, लवकर या.’ आणि घाईत ते घरच्या सगळ्यांच्या गटावर गेलं. दुसऱ्याच क्षणी बाहेरच्या खोलीतून ती बाई मोठ्याने म्हणाली, मामांनी आज सकाळपासून डोकं खाल्लंय. मी जिथल्या तिथं थिजले. मामा दारात आले आणि गंभीरपणे म्हणाले, “झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.” वर दोन दिवस ज्याला-त्याला तो निरोप पुन्हा लावून ऐकवत होते.

रस्त्यात कुणी न विचारता दंड धरला की मात्र ते चिडतात. एकदा एका सद्गृहस्थांनी त्यांना धरून भर गर्दीतून रस्त्याच्या पलीकडे नेऊन सोडलं. मामांना पलीकडे जायचंच नव्हतं; ते माझी वाट बघत उभे होते. मामा त्यांना म्हणाले, “आता तुम्ही डोळे मिटा, माझं कोपर धरा, आपण परत जाऊ. म्हणजे कसं धरायचं ते कळंल.” मी भाजी घेऊन आले तर सूटबूट घातलेला एक माणूस गच्च डोळे मिटून मामांच्या कोपराला लटकत रस्ता ओलांडतोय आणि मामा काठी उंच करून रिक्षा थांबवतायत. ते गृहस्थ निघाले कॉलेजचे प्राध्यापक. पुढं ते दर महिन्याला संस्थेच्या केंद्रात येऊन लोकांचे अर्ज भरून द्यायला लागले.

हे केंद्र म्हणजे लातुरातल्या दोन खोल्या. एकीत काठ्या, गॅसची शेगडी आणि चार भांडी; दुसरीत टेबल आणि प्रमाणपत्रांच्या फायली. तिथं मामांना कुणी नेमलेलं नाही आणि तिथून त्यांना कुणी काढूही शकत नाही. नव्याने नजर गेलेल्या माणसाच्या घरी जायचं, त्याला उठवायचं, हे काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं. त्याला केंद्रातली माणसं गृहभेट म्हणतात, मामा फेरी म्हणतात. मुरूडची फेरी, रेणापूरची फेरी. आणि गुरुवारी औसा. गुरुवारी माझ्या मेसला एक वेळ सुट्टी असते, म्हणून त्या फेरीला मीही त्यांच्यासोबत जायचे.

औशाला संगीता राहायची. चौतीस-पस्तिशीची. ब्लाउज शिवण्यात तिचा हात असा की लातूरच्या बायका तिच्याकडे माप द्यायला जायच्या. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, आधी संध्याकाळी दिसेना, मग दिवसाही. नवऱ्याने माहेरी आणून सोडलं तो परत न्यायला आला नाही. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा शिलाई मशिनवर जुनी चादर टाकलेली होती आणि संगीता तिच्या शेजारी खाली बसलेली होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. आई दारात आली, “जय भीम,” म्हणाली. मामांनी “जय भीम, आक्का!” असं काही ठणकावून म्हटलं की गल्लीतल्या दोन घरांतून उत्तर आलं.

आई मोठी मायाळू. इतकी की लेकीला घास भरवायची, वेणी घालायची, उठून दारापर्यंतही जाऊ द्यायची नाही. मामांनी आल्या-आल्या सांगितलं, “चहा घेणार. पण संगीतानं केलेला.”

“ती कामून करंल?” आई म्हणाली. “मी हाय की. पोळलं-बिळलं तर? मी जित्ती हाय तवर तिला गॅसकडं जाऊ देणार न्हाई.”

“आन तुमच्या मागं, आक्का? तवा कुणाच्या तोंडाकडं बघंल ती?”

“असलं अभद्र बोलू नका माझ्या दारात.”

मग मामांनी चहाच सोडला. दिवसाला सात कप पिणारा माणूस. पण तीन गुरुवार त्या घरातून बिनचहाचा उठला. आई चहा करून पुढं ठेवायची, तो थंड व्हायचा, आई पुटपुटत उचलून न्यायची. मामा डोळ्यांविषयी, काठीविषयी अवाक्षर काढायचे नाहीत. गाड्यांच्या गोष्टी सांगायचे. गाडीत प्रसूत झालेली बाई, कंडक्टरच्या मांडीवर झोपून उमरग्याला गेलेलं कोकरू. संगीता पहिल्या गुरुवारी ऐकत नव्हती, दुसऱ्या गुरुवारी ऐकत होती, तिसऱ्या गुरुवारी हसली. चौथ्या गुरुवारी आई नळाला पाणी आलं म्हणून घागर घेऊन बाहेर गेली आणि संगीता उठली. आतून लायटरचा आवाज आला, मग डबे उघडल्याचा, हुंगल्याचा, मग साखर. तिने कप आणून मामांच्या हातात दिला. चहा काळाकुट्ट झाला होता. मामा तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. आई घागर घेऊन दारात आली ती तशीच उभी राहिली. घागर खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

इथपर्यंत सगळं छान होतं. पुढं जे झालं ते मामांच्या घाईने झालं, आणि ते स्वतःच तसं सांगतात म्हणून मीही सांगते.

काठी शिकायला दोन-तीन महिने सहज लागतात. त्या चहानंतर संगीताला अंगणात सुरुवात करून जेमतेम पाच गुरुवार झाले होते. महिनाअखेर केंद्रात मेळावा होता, नांदेडच्या बाई येणार होत्या आणि मामा त्यांना फोनवर सांगून बसले होते की माझी औशाची पोरगी बसने एकटी येऊन दाखवणार. त्या गुरुवारी ते संगीताला म्हणाले, “आज स्टँडपर्यंत तू पुढं. मी मागं हाय.” संगीता म्हणाली, “काका, अजून चार दिवस अंगणातच करू.” “काही न्हाई होत, चल.” मला त्यांनी घरातच आईपाशी बसवलं. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी पाइपसाठी खड्डा खणून ठेवला होता. आदल्या गुरुवारी तो नव्हता. संगीताची काठी पुढं गेली, ती खाली लागलीच नाही, आणि तोवर तिचा पाय पुढं पडलेला होता.

डावं मनगट मोडलं. दवाखान्यात नेऊन प्लास्टर घालून आणलं. घरी आल्यावर आईने लेकीला निजवलं, बाहेर आली आणि मामांसमोर उभी राहिली.

“भाऊ, तुमाला सोताला दिसत न्हाई,” ती म्हणाली, “आन तुमी माझ्या लेकीला वाट दावायलाव. पुन्यांदा येऊ नका.”

परतीच्या गाडीत मामांनी काठी घडी करून पिशवीत घातली. घरी आल्यावर ते कॉटवर बसले, भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी जेवायला पुकारलं नाही. तिसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीतून नुसता खोकल्याचा आवाज आला. मी पाणी नेलं. मामांनी तांब्या घेतला, प्यायले नाहीत. “ती म्हणाली ना, चार दिवस अंगणात करू,” ते म्हणाले, “मला ऐकू गेलं होतं.” मेळावा झाला, मामा गेले नाहीत. नांदेडच्या बाईंचा फोन आला, तोही घेतला नाही.

पुढच्या गुरुवारी मात्र सकाळीच आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून उभे.

“औशाला जाऊन येतो.”

“मामा, त्या हाकलून देतील.”

“हाकलू दे. हाकलून घ्यायलाच चाललोय.”

मी सोबत गेले. आईने दार उघडलं, या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मामा उंबऱ्याबाहेर उन्हातच उभे राहिले. त्या माणसाला इतक्या लहान आवाजात बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

“आक्का, चूक माझी हाय. खड्ड्याची न्हाई, पोरीची तर बिलकुल न्हाई. नांदेडच्या बाईम्होरं मला मिरवायचं होतं. पोरगी तयार नव्हती, मीच तयार होतो. तेवढं सांगायला आलतो. येतो.”

ते वळले. मी त्यांच्यापुढं कोपर केलं. आम्ही दोन पावलं गेलो असू, तोवर आतून संगीताचा आवाज आला.

“काका, पलास्टर डाव्या हाताला हाय. काठी उजव्या हातात धरतेत.”

मामा थांबले. आई लेकीकडे वळली, “गप बैस!”

“गप बसून दोन वर्षं झाली, माय,” संगीता म्हणाली. ती दारापर्यंत आली होती, भिंतीला हात न लावता. “पण काका, आता मागं तुमी चालायचं न्हाई. तुमाला खड्डा दिसत न्हाई. मागं माय चालंल.”

आई म्हणाली, “मी?” आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. मग तिने मामांना विचारलं, “उन्हात कामून उभं राहिलाव? आत या.”

त्यानंतरच्या गुरुवारांत मामांनी शिकवलं ते जास्त करून आईला. दहा पावलं मागं चालायचं आणि तोंड उघडायचं नाही. खरंच जिवावर बेतत असलं तरच ‘थांब’ म्हणायचं. संगीता काठी टेकत पुढं, तिच्या मागं आई, आणि दाराशी कान लावून मामा. पहिल्या दिवशी वीस पावलांत आईने, “दगड! गाय! उजवीकडं हो! अगं सायकल!” असं इतकं ओरडून सांगितलं की गल्लीतली सायकलवाली माणसं उतरून उभी राहिली. मामा म्हणायचे, “आक्का, तुमचा आवाज स्टँडवर पाहिजे होता, मला लवकर पेन्शनीत जाता आलं असतं.” आई चिडायची, पदराचा बोळा तोंडात धरून चालायची. लेकीची काठी दगडाला लागली की आईचे खांदे वर जायचे, डोळे मिटायचे. पण हळूहळू तिचं तोंड बंद राहायला लागलं. संगीताला काठी यायला दोन महिने लागले. आईला गप्प राहायला चार लागले.

मग पुन्हा ठरलं, लातूर. या वेळी दिवस संगीताने ठरवला आणि मामांनी कुणाला फोन केला नाही. गाडी साडेदहाला पोचणार. आम्ही नऊलाच स्टँडवर. मामा फलाटाशी खांबाला टेकून उभे, कपाळावर घाम. कुठलीही गाडी आत वळली की विचारायचे, “औसा?” मी सांगायचे, नाही. शेवटी ती आली. माणसं भराभरा उतरली, त्यांच्या मागून संगीता. तिने पायरीवरून खाली काठी टेकवली, उतरली, एका बाईला चौकशीची खिडकी कुठं विचारलं आणि निघाली. मी हाक मारणार तोच मामांनी माझा हात दाबला. “बोलू नको.” ती आमच्याकडेच येत होती. काठी डावीकडे, उजवीकडे, एका बोचक्याला लागली, वळसा घालून पुन्हा सरळ. आली, आणि आमच्या समोरून पुढं निघून गेली. चार पावलं. मी पुढं व्हायला लागले. मामांनी हात सोडला नाही. संगीता थांबली, मान जराशी कलती केली आणि परत फिरली.

“काका,” ती म्हणाली, “तुमी श्वास लई मोठ्यानं घेता.”

मामांनी नुसता हात पुढं केला. तेवढ्यात गाडीतून सगळ्यात शेवटी, तोंडावर पदर घेतलेली एक बाई उतरली आणि आमच्याकडे तरातरा आली. संगीताची आई! चोरून त्याच गाडीत मागच्या बाकावर बसलेली. “हिनं माझी गाडीत पार इज्जत घालवली,” ती म्हणाली. झालं होतं असं की कंडक्टर तिकीट द्यायला आला तेव्हा संगीताने सांगितलं, “दोन लातूर द्या. एक माझं, आन एक मागं लपून बसलेल्या माझ्या मायचं.” अख्खी गाडी मागं वळून बघायला लागली.

“पण तुला कळलं कसं?” मी विचारलं.

“मिश्रीचा वास,” संगीता म्हणाली. “आन एवढ्या खड्ड्यांतून गाडी आली, मागं कुणीच ‘अगं माय’ म्हणलं न्हाई. गप बसायला शिकलेलं माणूस औशात एकच हाय.”

मामा हसले. मग सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा चहा मागवला.

याला आता तीन वर्षं झाली. संगीताने मशिनवरची चादर काढली. ब्लाउज नाही, पण परकर शिवते, शिवण बोटाने चाचपून सरळ नेते. आठवड्यातून दोन दिवस केंद्रात येऊन नव्या बायकांना गॅस पेटवायला शिकवते, आणि औसा तालुक्यातल्या फेऱ्या आता तिच्याकडेच आहेत. कुणाच्या घरची आई फारच हट्टाला पेटली तर ती आपल्या आईला सोबत नेते. मामा मात्र कमी जातात. उजव्या कानाने ऐकू येईनासं झालंय. डॉक्टरांनी मशीन दिलंय, पण त्यात सगळेच आवाज एका ठिकाणहून आल्यासारखे वाटतात, रस्ता कुठला आणि भिंत कुठली ते कळत नाही म्हणतात. गर्दीच्या रस्त्याला आताशा निघायच्या आधी थोडे थांबतात. गुरुवारी दुपारी बहुतेक घरीच असतात.

परवा अशीच गुरुवारची दुपार. मी कणीक मळत होते आणि मामा स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते, डावा कान माझ्याकडे करून.

“किती वर्षं झाली गं, मला दिसायचं बंद होऊन?”

“अकरा, मामा.”

ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, “आता कशी दिसतीस तू?”

मी मान वर केली. खिडकीच्या काचेत माझं तोंड होतं. कानांजवळचे केस पांढरे झालेत, डोळ्यांवर चष्मा आलाय, गालांची रया गेलीय. कुणी मला असं विचारलं नव्हतं, आणि मीही कधी नीट पाहिलं नव्हतं.

“होते तशीच आहे,” मी म्हटलं.

मामांनी मान हलवली, समाधानाने. “बरं हाय,” ते म्हणाले, “मला पण तशीच दिसतीस.”

कणीक मळून झाली होती. तरी मी आणखी थोडा वेळ मळत राहिले.